रेषा आणि सत्ता : बाळ ठाकरे यांच्या व्यंगचित्रांचा दर्यापूरच्या बाजूने विचार

राजकीय व्यंगचित्राचे आयुष्य वर्तमानपत्राच्या अंकाएवढेच असते, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. त्यामुळे कथा-कादंबरीला मिळालेली चिकित्सा या कलाप्रकाराच्या वाट्याला क्वचितच आली. बाळ केशव ठाकरे (१९२६–२०१२) यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्यांचे चाहते त्यांच्या चित्रांत भावी नेत्याची चाहूल शोधतात, तर विरोधक चित्रांपर्यंत जातच नाहीत. प्रस्तुत लेखात व्यंगचित्रकार ठाकरे यांचा विचार मुंबईबाहेरच्या एका ठिकाणावरून करण्याचा प्रयत्न आहे. ते ठिकाण म्हणजे अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर. चित्र ज्या वाचकाला समोर ठेवून काढले जाते त्याच्यापासून दूर उभे राहिले, की चित्राचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात, अशी यामागची भूमिका आहे.

ठाकरे यांची उमेदवारी ‘फ्री प्रेस जर्नल’ या मुंबईच्या इंग्रजी दैनिकात झाली. आर. के. लक्ष्मण हे तेथे काही काळ त्यांचे सहकारी होते. ठाकरे यांनी गुरुस्थानी मानले ते डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराला. १९३९ साली पोलंडच्या विनाशानंतर लोने काढलेल्या एका चित्रात हिटलर आणि स्टालिन एका प्रेताच्या दोन बाजूंस उभे राहून एकमेकांना मोठ्या अदबीने अभिवादन करतात. ठाकरे यांच्या कुंचल्याचे वळण या परंपरेतले आहे. जाड-बारीक होत जाणारी आत्मविश्वासाची रेषा, काळ्या-पांढऱ्याचा ठसठशीत तोल आणि मुद्रेतील एखादे वैशिष्ट्य पकडून त्यातून सारा स्वभाव उभा करण्याची हातोटी, हे त्यांचे गुण वादातीत आहेत. नेहरू, मोरारजी देसाई, इंदिरा गांधी यांची त्यांनी काढलेली अर्कचित्रे नाव न वाचता ओळखता येतात. दर्यापूरच्या वाचकालाही ती ओळखता आली असती, कारण हे चेहरे साऱ्या देशाच्या परिचयाचे होते.

१३ ऑगस्ट १९६० रोजी बंधू श्रीकांत यांच्यासह त्यांनी ‘मार्मिक’ हे साप्ताहिक सुरू केले. मधल्या जोडपानावरील ‘रविवारची जत्रा’ ही ठाकरे यांच्या रचनाकौशल्याची खरी कसोटी होती. मराठी राज्य होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. मुंबईच्या मराठी वाचकाला नव्या राज्यात आपल्या नोकरीचे, घराचे काय, हा प्रश्न पडला होता. ‘मार्मिक’ने मुंबईतील कचेऱ्यांमधील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या, आणि त्याच वातावरणातून १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली.

आता दर्यापूरकडे वळू. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा हा मुलूख आहे. जमिनीखालचे पाणी खारे, शेती पावसावर आणि मदार कापसावर. मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद मापाच्या रेल्वेमार्गावर बनोसा हे दर्यापूरचे स्थानक. १९५५ साली फाजल अली आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचविले होते. म्हणजे मुंबई महाराष्ट्रात येईल की नाही हा प्रश्न तिकडे पेटला असताना, आपण मुंबईबरोबर जावे की नाही हा प्रश्न वऱ्हाडात चर्चिला जात होता. येथील शेतकऱ्याचे दुःख कापसाच्या भावात होते. कापूस एकाधिकार खरेदीची योजना १९७२ साली आली ती याच प्रश्नापोटी. दक्षिणेकडून आलेला कारकून त्याच्या दुःखाच्या कथेत कोठेच नव्हता.

येथे ठाकरे यांच्या चित्रांतील एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. त्यांच्या चित्रांत दोन प्रकारची पात्रे येतात. एक, नाव आणि पद असलेली सत्ताधारी व्यक्ती. दुसरे, लुंगी नेसलेला दाक्षिणात्य यासारखा एखाद्या समूहाचा नमुना. पहिल्या प्रकारात अतिशयोक्ती बलवंताला लहान करते. दुसऱ्या प्रकारात तीच अतिशयोक्ती पोटासाठी आलेल्या सामान्य माणसाला संकटाएवढा मोठा करते. तंत्र एकच, परंतु त्याची नैतिक दिशा उलटी होते. ज्याच्या गल्लीत तो दाक्षिणात्य राहतो, त्याला या चित्रात आपल्या चिडीचे रूप दिसते आणि हा उलटेपणा नजरेतून सुटतो. दर्यापूरच्या वाचकाला मात्र हसण्यासाठी आधी एक शत्रू उसना घ्यावा लागतो. ज्या चित्राचा विनोद पूर्वग्रहाच्या भांडवलावर चालतो, त्याचे भांडवल गावाच्या वेशीवर संपते. मोरारजींच्या अर्कचित्राला असे भांडवल लागत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, शिवसेना दर्यापुरात पोहोचली, इतकेच नव्हे तर रुजली. हे खरेच आहे. १९९० साली या मतदारसंघातून शिवसेनेचा उमेदवार विधानसभेवर निवडून आला आणि नंतरच्या तीन निवडणुकांतही तेच घडले. परंतु तोवर पक्षाने हिंदुत्वाची भूमिका घेतली होती आणि २३ जानेवारी १९८८ रोजी ‘सामना’ हे दैनिक निघाले होते. तेथे ठाकरे संपादक म्हणून शब्दांनी बोलत होते. सभांतून तर बोलतच होते. त्यांची चित्रे विरळ झाली होती. तेव्हा वऱ्हाडात त्यांचा आवाज पोहोचला, रेषा मुंबईतच राहिली, असे अनुमान काढावयास हरकत नाही.

रेषा का थांबली, याचे उत्तर केवळ व्यापात शोधणे अपुरे वाटते. लो ज्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये चित्रे काढीत असे, त्याचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक यांची राजकीय मते लोच्या विरुद्ध होती, तरी लोने आपले स्वातंत्र्य जपले. त्या विरोधाने त्याची रेषा तल्लख ठेवली. ठाकरे प्रथम स्वतःच्या पत्राचे धनी झाले, मग स्वतःच्या पक्षाचे. त्यांना अडविणारे कोणी उरले नाही. १९७५ च्या आणीबाणीत, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली असता, ठाकरे यांनी आणीबाणीला पाठिंबा दिला. त्याच वर्षी दिल्लीचे ‘शंकर्स वीकली’ बंद झाले. पुढे १९९१ साली ‘महानगर’ या सायंदैनिकाच्या कचेरीवर शिवसैनिकांनी हल्ला केला. ज्याने सत्तेला हसण्याचा हक्क आयुष्याच्या पूर्वार्धात बजावला, त्याच्याच संघटनेला उत्तरार्धात टीका सोसवेना, ही घटना व्यंगचित्राच्या अभ्यासकाने चरित्राचा तपशील म्हणून बाजूस सारू नये. तिचा संबंध त्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांशी आहे. समूहाकडे बोट दाखविणाऱ्या रेषेला पुढे अनुयायी लागतात, आणि अनुयायी जमले की रेषेची गरज उरत नाही.

म्हणून ठाकरे यांच्या व्यंगचित्रांचे मूल्यमापन सरसकट करणे योग्य होणार नाही. सत्ताधाऱ्यांची अर्कचित्रे मराठी व्यंगचित्रकलेच्या श्रेष्ठ कामगिरीत मोडतात आणि तेथेच ती राहावीत. समूहचित्रांना तो मान देता येत नाही. तंत्राची सफाई तीच असली तरी. हे दोन ढीग वेगळे करून ‘मार्मिक’चे जुने अंक क्रमाने पाहण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे. ते पाहताना प्रत्येक चित्रापुढे एकच साधा प्रश्न ठेवावा : हे चित्र बनोसा स्थानकावर उतरलेल्या वाचकाला, त्याच्या हाती कोणताही शत्रू न देता, हसवू शकले असते काय?