विचारणाऱ्याचे गद्य : लिनक्सविषयक साहाय्यलेखनाची समीक्षा

लिनक्स या कार्यप्रणालीच्या जन्मकथेच्या आरंभीच एक विचारणा आहे. ३ जुलै १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या चर्चागटात एक प्रश्न मांडला. पॉसिक्स या प्रमाणसंहितेचे नियम संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात कोठे मिळतील, एवढेच त्याला हवे होते. ते कशासाठी हवेत, हे त्याने मोघमच सांगितले. आपण एक प्रकल्प करीत आहोत, इतकाच उल्लेख केला. पुढे २५ ऑगस्टला, आपण छंद म्हणून एक छोटी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे त्याने उघड केले आणि मिनिक्समधील काय आवडते, काय खटकते, हे इतरांना विचारले. कोणत्याही तज्ज्ञाकडे मदत मागताना आपला मूळ हेतू आधी सांगावा, असा दंडक याच परंपरेत पुढे रूढ झाला. त्या दंडकाने पाहिल्यास लिनक्सच्या कर्त्याचा पहिला प्रश्न सदोष ठरतो. तरीही तो विचारला गेला आणि त्याचे काम अडले नाही.

त्यानंतरच्या काळात या प्रणालीभोवती साहाय्याचे विपुल लेखन निर्माण झाले. आज्ञांची नियमपुस्तिका, 'हे कसे करावे' या धर्तीच्या मार्गदर्शिका आणि मदत कशी मागावी याचे उपदेशपर लेख, असे त्याचे ढोबळ प्रकार होत. या लेखनाकडे केवळ उपयुक्ततेच्या दृष्टीने पाहिले जाते; गद्य म्हणून त्याची चिकित्सा क्वचितच होते. वस्तुतः विचारणारा कोण आहे, त्याने कोणत्या भाषेत बोलावे आणि अडचणीचा दोष कोणाकडे जातो, यांविषयीची ठाम गृहीतके या गद्यात दडलेली आहेत. प्रस्तुत लेखात तिसऱ्या प्रकारातील दोन लेखांचा आणि त्यांच्यानंतर आलेल्या एका तक्रारवजा निबंधाचा विचार केला आहे.

पहिला लेख सायमन टॅथम यांचा, १९९९ सालचा. 'पुटी' या मुक्त सॉफ्टवेअरचे कर्ते असलेल्या टॅथम यांनी सॉफ्टवेअरमधील दोष परिणामकारकपणे कसा कळवावा, हे त्यात सांगितले आहे. त्यांच्या विवेचनाचा गाभा साधा आहे : कार्यक्रम बिघडताना तो लिहिणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. समोर बसवून दाखवता आले तर उत्तम. नाहीतर काय केले, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, ते क्रमवार लिहावे. पडद्यावरील त्रुटिसंदेश आकड्यांसह जसाच्या तसा उतरवावा. आपला तर्क जरूर सांगावा, पण लक्षणांच्या जागी नव्हे. वैद्याकडे गेलेल्या रोग्याने स्वतःच निदान करून औषधाचे नाव मागू नये, हा त्यांचा दृष्टान्त सर्वपरिचित असला तरी येथे नेमका बसतो. या लेखात विचारणारा हा साक्षीदार आहे. त्याच्या बुद्धीची परीक्षा होत नाही; त्याच्या साक्षीची होते.

दुसरा लेख एरिक रेमंड व रिक मोएन यांचा. प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत, हा त्याचा विषय. २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला हा लेख पुढे वारंवार सुधारला गेला व अनेक भाषांत गेला. त्यातील व्यावहारिक सूचना टॅथम यांच्या सूचनांच्या जवळच्याच आहेत आणि त्यांतील बहुतेक आजही ग्राह्य आहेत. 'मदत करा, पडदा नीट दिसत नाही' या मथळ्यापेक्षा कोणत्या आवृत्तीत, कोणत्या चिपवर, नेमके काय विकृत दिसते हे सांगणारा मथळा उपयोगी, यावर वाद असण्याचे कारण नाही. उत्तर मिळाल्यावर ते लागू पडले की नाही, हे कळवावे, ही सूचना तर सौजन्याची आहेच, पण पुढच्या वाचकाच्या हिताचीही आहे. चांगला प्रश्न तज्ज्ञाला भेटीसारखा वाटतो, असेही लेखक मोकळेपणाने म्हणतात.

तथापि, लेखाचा सूर वेगळा आहे. येथे विचारणारा उमेदवार म्हणून उभा राहतो. आपण आळशी नाही, आपण गृहपाठ केला आहे, आपण उत्तराला पात्र आहोत, हे त्याला सिद्ध करावे लागते. नियमपुस्तिका वाचण्याचा शिवराळ आदेश मिळाल्यास तो बहुधा योग्यच आहे असे मानावे, आणि कठोर बोल ऐकून खचू नये, असा उपदेश त्याला केला जातो. उत्तर देणाऱ्यांनी सौम्य राहावे, अडचणीच्या ताणामुळे शहाणा माणूसही उद्धट किंवा मूर्ख वाटू शकतो, ही अत्यंत समंजस सूचना लेखात आहे. पण ती अगदी अखेरीस, थोडक्यात येते. उत्तरे देणारे विनावेतन आपला वेळ देतात, हे लेखकांचे म्हणणे खरेच आहे आणि कोणत्याही टीकेने ते नजरेआड करू नये. परंतु वेळेचा हिशेब मांडताना तो एकाच बाजूचा मांडला गेला आहे. प्रणाली बसवताना तीन रात्री घालवून अखेर प्रश्न लिहायला बसलेल्या माणसाच्या वेळेची नोंद त्यात नाही.

ही भूमिका रेमंड यांच्याच आधीच्या विचाराशी विसंगत आहे. १९९७ मध्ये मांडलेल्या 'कॅथीड्रल आणि बाजार' या प्रसिद्ध निबंधात त्यांनी वापरकर्त्यांना सहविकासक मानले होते. पाहणारे डोळे जितके अधिक तितके दोष लवकर उघडे पडतात, हा त्यांचा सिद्धान्त होता. चारच वर्षांनी त्याच डोळ्यांनी दारात रांग लावायची, असे ठरले. नवख्याचा डोळा हा अनेकदा सर्वांत उपयुक्त डोळा असतो, कारण सरावलेल्याला खड्डा दिसत नाही. तो त्याला वळसा घालूनच चालत असतो.

याचे प्रत्यंतर खुद्द रेमंड यांनाच आले. फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांनी 'अज्ञानाची चैन' अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. घरातील दुसऱ्या संगणकाला जोडलेला प्रिंटर आपल्या लिनक्सवरून वापरता यावा, एवढाच त्यांचा उद्देश होता. छपाईची 'कप्स' ही व्यवस्था आणि तिच्यासाठी दिलेली मांडणीची खिडकी यांच्याशी त्यांची दीर्घ झटापट झाली. दुसऱ्या यंत्राने प्रिंटर वाटून घेण्याची परवानगी मुळातच बंद ठेवलेली होती आणि ते कोणत्याही पडद्यावर कळत नव्हते. निबंधात रेमंड संतापले आहेत. टिली मावशी नावाची एक कल्पित सामान्य बाई उभी करून, तिला हे कसे जमणार, असे ते विचारतात. वापरणाऱ्याला काही गोष्टी ठाऊक नसण्याची मुभा असली पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन आहे.

येथे रेमंड यांच्या लेखनातील सर्वांत मोलाचा क्षण येतो, आणि तो हातून निसटतोही. तज्ज्ञ अडला तेव्हा दोष आराखड्याचा ठरला. नवखा अडतो तेव्हा दोष गृहपाठाचा ठरतो. २००४ चा निबंध हाती धरून २००१ चा लेख पुन्हा वाचला की, तेथे हाकलून दिलेल्या कित्येक प्रश्नांत टिली मावशीचाच आवाज ऐकू येतो. तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जात असेल, तर ती प्रणालीवरील टीका असते. साहाय्यलेखनाने ती टीका म्हणून वाचायला हवी होती.

डेबियनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अनेक लॅपटॉपवरील वाय-फायच्या चिपला उत्पादकाचे खासगी फर्मवेअर लागते. मुक्ततेच्या तत्त्वामुळे डेबियनच्या अधिकृत स्थापना-चकतीत ते नसे. परिणामी स्थापना अर्ध्यावर आली की जाळे मिळत नसे. आणि निदानासाठी तज्ज्ञ ज्या आज्ञांचे निकाल मागत, ते पाठवायलाही जाळेच लागे. याविषयीचे प्रश्न वर्षानुवर्षे येत राहिले. अखेर २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून आवश्यक फर्मवेअर चकतीतच देण्यात आले. तत्त्व बरोबर की व्यवहार, हा वाद येथे सोडवायचा नाही. मात्र 'नेट चालत नाही' या ढिसाळ वाक्यात एक नेमकी तक्रार होती, एवढे त्यावरून दिसते.

मराठी विचारणाऱ्याचा प्रश्न याहून एक पायरी खालून सुरू होतो. उत्तर देणाऱ्याची भाषा ठाऊक नसेल तर इंग्रजीतच लिहावे, असे २००१ चा लेख सांगतो. व्यवहार म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण मग साक्ष आधी भाषांतरित करावी लागते आणि भाषांतरात तपशील गळतो. आपल्याकडे संगणक 'हँग होतो', विंडोज 'उडते', हार्डडिस्कही 'उडते'. यंत्र सुरूच होत नाही, सुरू होऊन काळा पडदा येतो, फाइली नाहीशा होतात, या तीन वेगळ्या लक्षणांवर एकच क्रियापद पांघरले जाते. 'माझ्याकडून डिलीट झाले' हा प्रयोग तर पाहण्यासारखा आहे. त्यात हात कबूल केला जातो, हेतू नाकारला जातो आणि कोणती कळ दाबली हे सांगायचेच राहून जाते. टॅथम यांना हवी असलेली साक्ष या वाक्यरचनेतून मिळत नाही.

उलट, काही बाबतींत मराठी अधिक काटेकोर आहे. सर्वनामांच्या संदिग्धतेविषयी टॅथम यांनी दिलेले एक उदाहरण असे : एक ॲप सुरू केले, त्याने इशाऱ्याची खिडकी दाखवली, वापरणाऱ्याने 'ते' बंद करायला घेतले आणि सारे कोसळले. इंग्रजीत यातील सर्वनाम खिडकीचे की ॲपचे, हे कळत नाही. मराठीत 'ती बंद केली' आणि 'ते बंद केले' यांतच उत्तर आहे. लिंगभेदाने येथे जे काम फुकट होते, त्यासाठी इंग्रजी लेखकाला परिच्छेद खर्चावा लागतो. मराठीत अडचण नीट सांगता येत नाही, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागेल. तशी सांगण्याची सवय घडवणारे गद्य आपल्याकडे दुर्लक्षित राहिले, असे म्हणणे अधिक योग्य.

मराठीकरणाचे श्रम प्रामुख्याने मेनू, बटणे आणि संवादपेट्या यांच्या शब्दांवर झाले, हे त्याचे एक कारण होय. ते काम मोलाचे आहे. २००९ मध्ये आलेल्या डेबियनच्या 'लेनी' आवृत्तीच्या स्थापकात मराठीचा समावेश झाला, ही लहान गोष्ट नव्हे. प्रत्यक्ष मदत मात्र घडते ती इन्स्टॉल फेस्टमध्ये, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा शेजारच्या जाणत्या मुलाच्या तोंडून. टॅथम यांचा 'समोर बसून दाखवा' हा आदर्श तेथे सहज साधला जातो, अस्सल मराठीत साधला जातो. पण काही लिहून उरत नाही. पुढच्या माणसाला तोच मुलगा शोधावा लागतो.

लिखित मदतीची स्थिती काय, हे एका छोट्या युक्तीवरून कळते. स्थापनेच्या पहिल्या पडद्यावर प्रणाली भाषा विचारते. वापरणारा मराठी निवडतो. पुढे एखादी आज्ञा फसली आणि तिचा त्रुटिसंदेश मराठीत उमटला, तर त्या शब्दांचा शोध घेऊन बहुधा काहीच हाती लागत नाही. तेव्हा अनुभवी मंडळी सल्ला देतात की, आज्ञेच्या आधी 'एलसी_ऑल=सी' एवढे लिहावे. मग तीच आज्ञा तीच चूक इंग्रजीत सांगते, आणि ती ओळ उतरवून घेऊन प्रश्न पाठवता येतो.