बळीराजा आणि बालवाचक

वसुबारसेला आमच्या चिंचवडच्या घरी मातीच्या गाय-वासराची पूजा होते. खरी गाय आता आणावयाची कोठून? गेल्या वर्षी पूजा आटोपल्यावर माझी नात भेट मिळालेले एक पुस्तक घेऊन जवळ येऊन बसली. मुलांना शेती समजावी म्हणून लिहिलेले ते सचित्र पुस्तक. त्याचे नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही. पुढे मी अशी आठ-दहा पुस्तके मिळवून वाचली, आणि प्रत्येकात तोच शेतकरी भेटला. डोक्याला पागोटे, खांद्यावर नांगर, मागे दोन पांढरेशुभ्र बैल. तो पहाटे उठतो, पेरणी करतो, पाऊस पडतो, पीक डोलू लागते आणि शेवटच्या पानावर तो ‘जगाचा पोशिंदा’ ठरतो.

नातीने पुस्तक मिटले आणि विचारले, “आजोबा, मग तो ते कितीला विकतो?”

मी पाने उलटली. उत्तर नव्हते. नंतर वाचलेल्या एकाही पुस्तकात ते सापडले नाही. चित्रे देखणी, भाषा सोपी, लेखकांची तळमळही खरी. पण ही पुस्तके मुलांना शेतकऱ्याला नमस्कार करावयास शिकवितात, शेती शिकवीत नाहीत.

मुलांना शेती शिकवावी ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेसाठी विषय सुचविले. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, नीती व आरोग्याचे काही पाठ, आणि याच पंक्तीत शेतीचे प्राथमिक ज्ञान. ते लहानशा नमुना-शेतावर प्रत्यक्ष द्यावे, असेही त्यांनी म्हटले. हिशेब आणि शेती येथे एकाच यादीत आहेत. मला यातच मर्म दिसते.

पुढच्याच वर्षी, १८८३ साली, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. तो ग्रंथ मुलांसाठी नव्हे. त्याची भाषा संतापलेली आहे आणि त्यातील इतिहासाची मांडणी प्रत्येकास पटेल असेही नाही. परंतु शेतीविषयी कसे बोलावे, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. जमिनीला विसावा मिळत नाही, जंगलखात्याच्या बंदीमुळे गुरांना चराई उरत नाही, गुरे रोडावतात, शेत उतरते, शेतकरी कर्जात बुडतो. एकातून दुसरे कसे निघते ते फुले दाखवितात. त्यांचे उपायही असेच हाताला लागणारे आहेत. फावल्या वेळी शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत आणि पावसाचे पाणी शेतातच जिरवावे, असे ते सांगतात. आमच्या बालपुस्तकांत पाऊस ‘पडतो’. तो कोठे जातो, हे कोणी विचारीत नाही.

दिवाळीच्या सुटीत मी नातीला चाकणला नेले. येथील कांद्याच्या बाजाराला महात्मा फुल्यांचेच नाव आहे. मोशीवरून इंद्रायणी ओलांडली की दुतर्फा कारखाने लागतात. पिंपरीत १९५४ साली पेनिसिलीनच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि पुढच्या काही दशकांत शेतांतून निघालेली ही रांग थेट चाकणला पोहोचली. या पट्ट्यातल्या कितीतरी मुलांच्या आजोबांची शेते आज यंत्रांच्या खाली आहेत. त्या मुलांच्या हाती आपण पागोट्याचे चित्र देतो.

बाजारात एका शेतकरी बाईंनी नातीचे कुतूहल पाहून आपली पट्टी तिच्या हाती दिली. वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. “पोरी,” त्या म्हणाल्या, “आता यातून बी, लावणी, खुरपणी, काढणी अन् गाडीभाडं वजा कर. राहील ते माझं.” नातीने वहीत गणित मांडले. एवढा चांगला धडा मला कोणत्याच पुस्तकात मिळाला नाही.

‘लहान मुलांवर हिशेबाचे ओझे कशाला?’ असे कोणी म्हणेल. त्यांना आधी सौंदर्य कळू द्यावे, हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण खऱ्या माहितीत सौंदर्य नसते, असे कोणी सांगितले? कांद्याचेच पाहा. आपण खातो ती त्याची मुळी नव्हे. एकमेकांवर चढलेल्या, फुगलेल्या पानांचे ते बुडखे आहेत. बी आधी वाफ्यात टाकतात, सुमारे दीड महिन्याचे रोप उपटून पुन्हा लावतात. काढणीपूर्वी पाणी तोडतात. पात माना टाकू लागली की कांदा तयार झाला असे समजावे. मग तो सुकवून चाळीत भरतात. वारा खेळला तर टिकतो, कोंडला तर सडतो. बी हवे असेल तर तोच कांदा पुन्हा मातीत लावून फुलोऱ्याची वाट पाहावी लागते. यात नवल नाही काय? चाकणहून पुढे राजगुरुनगरला १९९८ पासून कांदा-लसणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि तेथील कांद्याच्या जाती भीमा नदीच्या नावाने ओळखल्या जातात. आमच्या मुलांच्या इतक्या जवळची ही गोष्ट त्यांच्या पुस्तकांत का नसावी?

मुलांसाठी लिहिणाऱ्यांकडे माझे मागणे थोडके आहे. सबंध शेती एका पुस्तकात कोंबू नका. एकच पीक घ्या, एकच गाव घ्या, आणि बियाण्यापासून पट्टीपर्यंत खरे सांगा. ज्या मुलाच्या घरी शेत आहे, त्याला पट्टी पाहून खिन्न झालेला बाप ठाऊक असतो. पुस्तकात त्याला नुसता हसणारा पोशिंदा दिसला, तर तो बापावर विश्वास ठेवील आणि पुस्तक बाजूला सारील. ज्याच्या घरी शेत नाही, ते मूल पुस्तकावर विश्वास ठेवील. हे अधिक वाईट.

पाडव्याला आपण बळीचे राज्य येवो म्हणतो. यंदा चिवड्यासाठी कांदा चिरताना मुलांना एवढे तरी सांगू या : हा कदाचित उन्हाळ्यापासून चाळीत राहिलेला असेल, खरिपाचा नवा कांदा बाजारात येऊ लागला आहे, आणि पुढल्या उन्हाळ्यातल्या कांद्याचे बी याच दिवसांत कुणीतरी वाफ्यात टाकीत आहे. त्याला भाव काय मिळेल, हे टाकणाऱ्याला अजून ठाऊक नाही.

नातीने ती वही जपून ठेवली आहे. ‘राहील ते’ या शब्दांपुढची जागा तिने मोकळी सोडली आहे.