परवानगी आणि अधिकार : व्हिडिओ गेमवरील रसिकनिर्मित चित्रफिती आणि प्रताधिकाराची भाषा

प्रस्तावना

संगणकावर वा मोबाईलवर खेळ खेळताना पडद्यावर जे घडते ते मुद्रित करावे, त्याला स्वतःचे निवेदन जोडावे आणि ती चित्रफीत इतरांसाठी प्रसृत करावी, हा आजच्या तरुण पिढीचा एक रूढ अभिव्यक्तिप्रकार आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयीन विद्यार्थीही त्यास अपवाद नाहीत. यांतील काही फिती केवळ खेळाची नोंद असतात. काहींत खेळाच्या रचनेची चिकित्सा असते, तर काहींत खेळातील पात्रे घेऊन नवे कथानक रचलेले असते. या तिन्हींतील दृश्यांवर प्रताधिकार मात्र गेम-कंपनीचा असतो, आणि कंपनीने हरकत घेतली की फीत काढली जाते. अशा फितीचे अस्तित्व कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असावे, की कायद्याने दिलेल्या अधिकारावर? कंपन्यांच्या नियमावल्या आणि भारतीय प्रताधिकार कायदा यांची भाषा शेजारीशेजारी ठेवून वाचल्यास या प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते.

नियमावल्यांची भाषा

'हेलो' या खेळातील दृश्यांना स्वतंत्र संवाद जोडून अमेरिकेत २००३ मध्ये 'रेड व्हर्सेस ब्लू' ही विनोदी मालिका सुरू झाली आणि गेममधून चित्रपट रचण्याच्या या प्रकारास मोठी लोकप्रियता लाभली. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये आपल्या खेळांतील दृश्यांच्या वापराविषयी नियम प्रसिद्ध केले. जपानच्या निन्टेंडो कंपनीने २०१३ मध्ये यूट्यूबवरील रसिकांच्या फितींच्या जाहिरात-उत्पन्नावर दावा सांगितला. २०१५ मध्ये तिने एक योजना आणली. तीत नोंदणी केलेल्या निर्मात्यास उत्पन्नातील ६० ते ७० टक्के वाटा मिळे. ही योजना २०१८ च्या अखेरीस बंद होऊन तिच्या जागी मार्गदर्शक तत्त्वे आली. निर्मात्याने फितीत स्वतःची सर्जनशील भर घालावी, नुसती नक्कल करू नये, अशी त्यांतील अपेक्षा आहे.

ही अपेक्षा रास्त आहे. परंतु तत्त्वांचा गाभा 'अशा वापरास आम्ही आक्षेप घेणार नाही' या आश्वासनात आहे. जो आक्षेप न घेण्याचे आश्वासन देतो, तो आक्षेप घेण्याचा हक्क स्वतःकडे राखूनच देतो. घरमालकाने अंगणात खेळू दिले म्हणून अंगणावर मुलांचा हक्क निर्माण होत नाही, तसाच हा प्रकार आहे. येथे सौजन्य आहे, पण अधिकार नाही.

परवानगी मागे घेतली जाते तेव्हा

या सौजन्याच्या मर्यादा २०१७ मधील दोन प्रसंगांनी दाखवून दिल्या. एप्रिलमध्ये 'पर्सोना ५' या खेळाची इंग्रजी आवृत्ती प्रसिद्ध करताना अ‍ॅटलस कंपनीने कथानकातील एका विशिष्ट तारखेपुढील भाग प्रसारित करण्यास मनाई केली आणि कारवाईचा इशारा दिला. टीका झाल्यावर त्याच महिन्यात ही मर्यादा बरीच पुढे नेण्यात आली. म्हणजे मर्यादा घालणे आणि ती सैल करणे, दोन्ही गोष्टी कंपनीच्याच हाती राहिल्या.

सप्टेंबरमध्ये 'फायरवॉच' या खेळाच्या निर्मात्या कॅम्पो सांतो संस्थेने प्यूडीपाय या विख्यात यूट्यूब-निर्मात्याची फीत प्रताधिकाराच्या आधारे काढून घ्यावयास लावली. वास्तविक या खेळाचे प्रसारण करण्यास संस्थेची जाहीर अनुमती होती. आक्षेपाचे कारण वेगळेच होते. त्या निर्मात्याने दुसऱ्याच एका खेळाच्या थेट प्रसारणात वंशद्वेषी शब्द उच्चारला होता. त्या शब्दाचा निषेध सर्वथा योग्य होय. तथापि निषेधासाठी प्रताधिकाराचे साधन वापरले गेले, ही बाब चिंतनीय आहे. आज जे साधन वंशद्वेषाविरुद्ध चालले, ते उद्या प्रतिकूल परीक्षणाविरुद्धही चालू शकेल.

भारतीय कायद्याची भाषा

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ ची भाषा याहून मूलतः भिन्न आहे. त्यात नमूद केलेली कृत्ये प्रताधिकाराचा भंग 'ठरत नाहीत'. तेथे मालकाच्या अनुमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. खासगी वापर व संशोधन, टीका वा परीक्षण आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी केलेला न्याय्य वापर या कलमाने संरक्षित केला आहे. पूर्वी हे संरक्षण साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृती यांपुरते होते. २०१२ च्या दुरुस्तीने ते 'कोणत्याही कृती'पर्यंत विस्तारले, परंतु संगणक-आज्ञावली त्यातून वगळलेली राहिली.

व्हिडिओ गेमच्या संदर्भात हा अपवाद कळीचा ठरतो, कारण गेम हा मुळात आज्ञावलीच होय. तथापि कायद्याच्या व्याख्येनुसार आज्ञावली म्हणजे संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या सूचनांचा संच. चित्रफीत मुद्रित करणारा त्या सूचनांची नक्कल करीत नाही. तो पडद्यावर उमटलेली दृश्ये आणि ध्वनी घेतो. म्हणून अशा फितीस परीक्षणाचे संरक्षण मिळावे, असा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक वाटते.

विडंबनाचा प्रश्न याहून बिकट आहे. प्र. के. अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेल्या 'झेंडूची फुले' (१९२५) पासून मराठीत विडंबनाची समृद्ध परंपरा आहे, परंतु कलम ५२ मध्ये विडंबनाचा नामनिर्देश नाही. येथे केरळ उच्च न्यायालयाचा १९९६ मधील निर्णय उपयोगी पडतो. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या नाटकास उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिले होते. मूळ नाटकातील पात्रे व संवाद त्यात घेतलेले असूनही न्यायालयाने त्याकडे टीका म्हणून पाहिले. किती घेतले, कशासाठी घेतले आणि मूळ कृतीशी स्पर्धा होण्याचा संभव किती, हे तीन निकष न्यायालयाने लावले. खेळातील पात्रे घेऊन खेळावरच भाष्य करणाऱ्या फितीस हेच निकष लावता येतील.

अंधेरीशी निगडित असा एक निर्णयही येथे लक्षणीय आहे. अंधेरीत स्टुडिओ असलेल्या यशराज फिल्म्सने आपल्या चित्रपटगीतांच्या वापराबद्दल इंडिया टीव्ही वाहिनीविरुद्ध दावा केला होता. वाहिनीवरील मुलाखतीत गायिकेने स्वतः गायलेल्या गीतांच्या काही ओळी म्हटल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये, क्षुल्लक बाबींची कायदा दखल घेत नाही, हे तत्त्व प्रताधिकारासही लागू केले. काही क्षणांचे दृश्य घेऊन दीर्घ विवेचन करणाऱ्या निर्मात्यास हा निर्णय दिलासा देणारा आहे.

अधिकार आणि व्यवहार

कायद्यात अधिकार असणे आणि तो वापरता येणे यांत मात्र अंतर आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार आणि २०१३ च्या नियमांनुसार तक्रार आल्यावर मध्यस्थ संकेतस्थळाने ३६ तासांत तो मजकूर रोखावयाचा असतो. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा उपलब्ध करता येतो. निराधार धमकीविरुद्ध कलम ६० अन्वये दादही मागता येते. परंतु यूट्यूबच्या स्वतःच्या नियमांनुसार ९० दिवसांत तीन तक्रारी ग्राह्य ठरल्यास संपूर्ण वाहिनीच बंद होऊ शकते. मुलुंडच्या विद्यार्थ्याने परदेशी कंपनीशी न्यायालयात झगडण्यापेक्षा फीत निमूटपणे काढून टाकणे, हेच मग व्यवहार्य ठरते.

कंपन्यांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. कथाप्रधान खेळाची संपूर्ण फीत शेवटासह प्रसिद्ध झाल्यास खेळ विकत घेण्याचे कारणच उरत नाही. जपानमधील सेंदाई येथील न्यायालयाने २०२३ मध्ये 'स्टाइन्स गेट' मालिकेतील खेळाच्या अशाच फिती प्रसारित करणाऱ्यास दोन वर्षांची, पाच वर्षांसाठी स्थगित, कारावासाची शिक्षा आणि दहा लाख येनचा दंड ठोठावला. नक्कल आणि समीक्षा यांतील भेद अशा वेळी सुस्पष्ट असतो. परंतु तो भेद ठरविण्याचे काम एका पक्षाच्या नियमावलीवर सोपविणे उचित नव्हे.

समारोप

समीक्षेचा अधिकार समीक्षिताच्या अनुज्ञेवर अवलंबून राहिला तर ती समीक्षा उरत नाही. कादंबरीच्या परीक्षकाने उतारा देण्यापूर्वी प्रकाशकाची मर्जी सांभाळावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. गेमच्या परीक्षकाकडूनही ती केली जाऊ नये. ब्रिटनने २०१४ मध्ये विडंबनाचा अपवाद आपल्या कायद्यात स्पष्टपणे समाविष्ट केला. भारतीय कायद्यातही तशी तरतूद होणे इष्ट आहे, आणि आज्ञावली वगळणारा शब्दप्रयोग पडद्यावरील दृश्यांस लागू नाही, याचेही स्पष्टीकरण व्हावयास हवे. तोपर्यंत उपनगरांतील महाविद्यालयांच्या जनसंवाद अभ्यासक्रमांत कंपन्यांच्या नियमावल्यांबरोबरच कलम ५२ चे वाचनही व्हावे. मिळालेली सवलत कोणती आणि आपला अधिकार कोणता, हे विद्यार्थ्यास उमगले, तरच फीत काढून घेण्याची सूचना आल्यावर तो तिला उत्तर देऊ शकेल.