आटे फ्रेंच, नळ्या बर्मिंगहॅमच्या

ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या मराठी घरात पन्नाशीच्या सुमारास दोन छंद शिरतात: एक बागकाम आणि दुसरा सायकल. बागकामावर आपल्या अंकांतून भरपूर लिहून झाले आहे. सायकलीवर मात्र कोणी गंभीरपणे लिहीत नाही, जणू ती लिहिण्याची वस्तूच नव्हे. वास्तविक ज्या पुण्यातून आपल्यापैकी कितीतरी जण आले, ते शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जात होते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हेही आपल्याला ठाऊक असते. तेव्हा अधिकार नाही असे कोणी म्हणू नये.

सध्या ह्या छंदाला एक नवे वळण लागले आहे. नवी कार्बनची सायकल घेण्याऐवजी १९६० ते १९८० ह्या काळातील एखादी फ्रेंच शर्यतीची सायकल घ्यावी, ती नीट करून चालवावी, अशी ओढ अनेकांना लागली आहे. इटलीतील गायोले ह्या गावी १९९७ साली ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली आणि २०१४ मध्ये तिची ब्रिटिश आवृत्ती डर्बीशायरमधील बेकवेलला भरली, तेव्हापासून ही ओढ इथे वाढली. त्याच वर्षी ‘तूर द फ्रान्स’ लीड्सहून निघाली आणि यॉर्कशरमधल्या गावोगावी कुंपणांवर पिवळ्या सायकली टांगल्या गेल्या, हेही वाचकांना आठवत असेल.

मग प्रश्न येतो निवडीचा. प्यूजो, जितान की मोतोबेकान? जाणकारांचे ठरलेले उत्तर असते, ‘डोळे मिटून प्यूजो पीएक्स-१० घ्या.’ हे उत्तर इतक्यांदा ऐकू येते, की त्याची एकदा तपासणी व्हायला हवी. ती करण्याचा हा प्रयत्न.

प्रथम ह्या तिन्हींत समान काय ते पाहू. चांगल्या दर्जाच्या फ्रेंच शर्यतीच्या सायकलीची चौकट बहुधा रेनॉल्ड्स ५३१ ह्या पोलादी नळ्यांची असे, आणि त्या नळ्या बनत बर्मिंगहॅममध्ये! टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी नळी ओढण्याचे पेटंट ह्या कंपनीने १८९७ मध्ये घेतले होते. मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ५३१ ही जात १९३५ साली बाजारात आली. फ्रान्ससाठी ह्याच नळ्या मेट्रिक मापात ओढल्या जात आणि चौकटीवरची पट्टी फ्रेंचमध्ये छापलेली असे. म्हणजे ज्या सायकलीला आपण शंभर टक्के फ्रेंच समजतो, तिची हाडे इंग्लिश असतात. फ्रेंच असते ते बाकीचे सगळे: दिजोंच्या सिम्प्लेक्सचे गिअर, क्लेरमाँ-फेराँच्या माफाकचे ब्रेक, स्ट्राँगलाइटचे क्रँक आणि नळ्यांच्या सांध्यांवरचे नेर्वेक्सचे कोरीव लग.

आता पीएक्स-१०. प्यूजो हे घराणे मुळात करवती, कॉफीच्या चक्क्या आणि मिरी दळायच्या चक्क्या बनवणारे. त्यांची मिरीची चक्की १८७४ पासूनची आणि पहिली सायकल १८८२ ची. पीएक्स-१० चे रूप एकदा पाहिले की विसरत नाही. पांढरी चौकट, सांध्यांवर काळ्या रंगातले नेर्वेक्स लग आणि सोबत आठवते ती संघाची काळी-पांढरी चौकड्यांची जर्सी. एडी मर्क्स १९६६ आणि १९६७ मध्ये ह्याच संघात होता आणि दोन्ही वर्षी त्याने मिलान-सान रेमो जिंकली. इथल्या लोकांना ती जर्सी आणखी एका कारणाने जवळची आहे. १९६५ चा जगज्जेता टॉम सिम्पसन प्यूजोच्या संघाचा होता आणि १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतूच्या चढावर त्याने प्राण सोडला. पुढे १९७५ मध्ये मर्क्सची सद्दी संपवणारा बर्नार तेवने प्यूजोचाच. १९७७ मध्येही तोच जिंकला. आणि १९८४ साली ‘तूर’मधला डोंगरांचा राजा ठरला ग्लासगोचा रॉबर्ट मिलर (आजच्या फिलिपा यॉर्क), तोही प्यूजोकडूनच.

एवढा इतिहास पाठीशी असल्यावर सायकल वाईट कशी असेल? वाईट नाहीच. पीएक्स-१० चा चिमटा पुढे चांगला वाकवलेला, दोन चाकांमधले अंतर ऐसपैस. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर ती अंगाला त्रास देत नाही. तीन-चार तास चालवूनही पाठ तक्रार करत नाही, हा तिचा मोठा गुण. पण दोषही स्पष्ट सांगायला हवेत. हे कारखान्याचे, भराभर केलेले काम आहे. लगच्या कडा बऱ्याचदा कानशीने नीट घासलेल्या नसतात, झाळ कुठे जास्त कुठे कमी, रंगाचा थर पातळ. सिम्प्लेक्सने गिअरसाठी डेल्रिन नावाचे प्लॅस्टिक वापरले. ते हलके आणि स्वस्त होते, पण कालांतराने त्याला तडे जातात. माफाकचे ब्रेक मात्र आजही उत्तम थांबवतात, फक्त रबराचा कोन साधला नाही तर सारी आळी जागी करतात.

शिवाय एक गोष्ट लक्षात ठेवावी. विजेत्याची सायकल आणि कॅटलॉगमधली सायकल एकच असते असे नाही. त्या काळी कित्येक नामांकित खेळाडू चौकट दुसऱ्याच कारागिराकडून आपल्या मापाची करून घेत आणि वर प्रायोजकाचा रंग चढवत, हे उघड गुपित होते. तेव्हा ‘मर्क्सची सायकल’ म्हणून जी किंमत सांगितली जाते, तीत बराच वाटा जर्सीचा असतो.

जितान म्हणजे भटक्या जमातीची स्त्री, जिप्सी. नाँतजवळच्या माशकूलमधील हा कारखाना पुढे रेनोच्या ताब्यात गेला. विजयाचा हिशेबच मांडायचा तर जितान कोणालाही हार जाणार नाही. १९७६ मध्ये ल्यूसियाँ व्हान इम्प. १९७८, १९७९, १९८१ आणि १९८२ मध्ये बर्नार इनो. १९८३ व १९८४ मध्ये लोराँ फिन्याँ. मधले १९८० हे वर्ष निसटले ते योप झूटेमेल्कमुळे, आणि तो होता नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या संघात! इतके असूनही बाजारात जितानला प्यूजोइतका मान नाही. ह्याचे कारण तिच्या नावांच्या गोंधळात आहे. ‘तूर द फ्रान्स’ हे नाव पाहून आपण भारावतो, पण त्या मॉडेलात अनेकदा मुख्य तीन नळ्याच ५३१ च्या असतात. मागची शिंगे आणि चिमटा साध्या पोलादाचा. वरच्या दर्जाची ‘सुपर कोर्सा’ पूर्ण ५३१ ची. म्हणून जितान घेताना नाव वाचू नये, नळीवरची पट्टी वाचावी. तीन नळ्यांची पट्टी वेगळी आणि पूर्ण चौकटीची वेगळी असते.

मोतोबेकान ही तिघींत सर्वांत कमी बोलकी. तिच्या नावावर विजय थोडे. लुइस ओकान्याने बिक संघाकडून १९७३ ची शर्यत जिंकली, तो मोठा. पण ‘ग्राँ रेकॉर’ किंवा ‘ल शाँपियाँ’ हातात घेऊन बघावी. झाळ स्वच्छ, लगच्या कडेने ओढलेली बारीक रेघ सरळ, रंगाला खोली. हीच ती कंपनी जिने देशाभिमान थोडा बाजूला ठेवला. जपानच्या सनटूरने १९६४ मध्ये तिरक्या समांतरभुजेचा गिअर काढला होता. तो सिम्प्लेक्सपेक्षा चांगला चालतो हे मान्य करून मोतोबेकानने सत्तरच्या दशकात आपल्या काही सायकलींना तो लावला. कट्टर संग्राहक ह्याबद्दल नाक मुरडतात. मला तर हा तिचा मोठेपणा वाटतो. दुर्दैवाने १९८१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि १९८४ पासून यामाहाच्या छत्राखाली तिचे नाव एमबीके झाले.

इथवर तुलना रूप, गुण आणि कीर्ती ह्यांची झाली. परंतु खरा निर्णय ज्यावर व्हायला हवा ती गोष्ट बाहेरून दिसतच नाही. ती म्हणजे आटे.

क्रँकचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो, तिच्या दोन बाजूंना छर्‍यांच्या वाट्या आटून बसवलेल्या असतात. इंग्लिश पद्धतीत ह्या वाटीचे माप १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. उजवीकडच्या वाटीचे आटे उलटे. फ्रेंच पद्धतीत व्यास ३५ मिलिमीटर, आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर आणि दोन्ही वाट्यांचे आटे सुलटे. आता पायडल मारताना छर्रे उजव्या वाटीला हळूहळू सैल होण्याच्या दिशेने ढकलतात. इंग्लिश वाटी उलट्या आट्यांमुळे त्याच जोराने घट्ट होते; फ्रेंच वाटी सुटू पाहते. म्हणून ती जबर आवळावी लागते. डाव्या पायडलचे आटे उलटे का, हे ज्यांनी लहानपणी सायकलवाल्याच्या ओट्यावर बसून विचारले असेल, त्यांना ह्यातली गंमत पटकन समजेल.

मोतोबेकानने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात स्विस आटे घेतले. माप फ्रेंचच, पण उजवी वाटी उलटी. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हेच सर्वांत शहाणपणाचे. पण सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड! आणि इंग्लिशांनीही फार हसू नये. नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपल्या सायकलींसाठी कित्येक वर्षे इंचाला २६ आटे हे स्वतःचे वेगळेच माप चालवले होते.

प्रकरण वाटीवर थांबत नाही. फ्रेंच हँडलचा दांडा २२ मिलिमीटर, इतरांचा २२.२. सीटची नळी बहुधा २६.४, इंग्लिश ५३१ मध्ये २७.२. पायडलचे आटे १४ मिलिमीटरचे. स्ट्राँगलाइटचा क्रँक काढायला लागणारे अवजारही २३.३५ मिलिमीटरचे, तर इतरांचे २२. म्हणजे इथल्या गल्लीतल्या दुकानात जे जे मिळते त्यातले जवळजवळ काहीच बसत नाही, पण सगळेच बसेलसे वाटते. धोका ह्या ‘वाटते’ मध्ये आहे. माझ्या परिचयातल्या एका डॉक्टरांच्या जितानमध्ये एका दुकानात इंग्लिश वाटी जबरदस्तीने पिळली गेली. चार आटे आत गेली, मग अडली. काढली तेव्हा चौकटीतले आटे सोलून निघाले होते. चाळीस वर्षे टिकलेली वस्तू दहा मिनिटांत निकामी झाली.

इथे ह्या छंदातला खरा पेच उभा राहतो. एक पक्ष म्हणतो, मूळ भागांना हात लावू नका. सायकल भिंतीवर टांगा. दुसरा म्हणतो, चालत नसेल ती सायकल कसली. आटे नव्याने पाडा, हवे ते बसवा. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे ह्यांनी जुन्या सायकलींचे सुंदर संग्रहालय उभे केले आहे. तिथे टांगलेल्या सायकलीला अर्थ आहे, कारण ती पुढच्या पिढीला दाखवण्यासाठी राखलेली आहे. आपल्या पायऱ्यांखाली धूळ खाणाऱ्या सायकलीला तो अर्थ नाही. उलट, नवे आटे पाडणे हे परत न फिरवता येणारे काम आहे. फ्रेंच नळीत इटालियन ३६ मिलिमीटरचे आटे पाडता येतात खरे, पण त्यानंतर ती चौकट कधीच फ्रेंच होत नाही.

मला वाटते कसोटी साधी ठेवावी: जे उद्या काढून मूळ स्थितीत आणता येईल ते खुशाल बदलावे, जे आणता येणार नाही ते बदलू नये. तडा गेलेला डेल्रिनचा गिअर काढून जपानी लावा. जुना डब्यात जपून ठेवा. हँडलचा दांडा नवा हवा असेल तर नव्या दांड्याला पॉलिश पेपर मारून २२ वर आणा. चिमट्याला कानस लावू नका. वाटीचे आटे बिघडलेले असतील तर आट्यांशिवाय आतून आवळून बसणारा आस मिळतो, तो वापरा. ह्या मार्गाने सायकल चालतेही आणि तिचे तीपणही राहते. परदेशात घर चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही तडजोड नवीन नाही. इथल्या ओव्हनमध्ये पुरणपोळी गरम करतोच, म्हणून पुरणात साखरेऐवजी जॅम घालत नाही.

आता निकाल. घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात: चौकट आपल्या उंचीला बसते का, नळीवर कोणती पट्टी आहे, वाट्या आणि सीटची नळी जागची हलतात की गंजून एकजीव झाल्या आहेत, आणि चिमट्यामागे रंगाला सुरकुती पडली आहे का. सुरकुती म्हणजे कधीतरी समोरून धडक बसलेली. शिवाय प्रत्येक प्यूजो ही पीएक्स-१० नसते. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात विकल्या गेलेल्या कितीतरी प्यूजोंवर ‘कार्बोलाइट १०३’ अशी पट्टी आढळते. ती साध्या पोलादाची, ऑफिसला जाण्यापुरती चांगली सायकल आहे. तिला दंतकथेचे पैसे मोजू नयेत.

ज्यांना इतिहास हवा, सिम्पसन आणि तेवने ह्यांच्या आठवणी हव्यात, त्यांनी पीएक्स-१० जरूर घ्यावी, पण तिच्या घाईच्या कारागिरीसकट घ्यावी. ज्यांना कमी पैशांत खरी शर्यतीची चौकट हवी, त्यांनी पूर्ण ५३१ ची जितान शोधावी. मागणी कमी म्हणून ती अजून आवाक्यात मिळते. आणि ज्यांना आठवड्याला पन्नास मैल खरोखर चालवायचे आहेत, त्यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातली, फ्रेंच आट्यांची मोतोबेकान घ्यावी. उत्तम काम, समजूतदार रचना आणि सुटे भाग निदान शोधल्यावर मिळतील असे. तिघींपैकी माझे मत तिलाच. डोळे मिटून मात्र कोणतीच घेऊ नका. ह्या सायकली डोळे आणि बोटे दोन्ही वापरून घ्यायच्या असतात, आणि सोबत मेट्रिक मापाची एक व्हर्नियर पट्टी.