पांढरा स्राव, निळे पाणी
एका जुन्या बोधपटाची उलटतपासणी

मध्यंतरी विज्ञानदिनाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी शाळेत व्याख्यानासाठी गेलो होतो. योगायोगाने त्याच दुपारी सॅनिटरी नॅपकिन बनवणाऱ्या एका कंपनीतर्फे सातवी ते नववीच्या मुलींना मासिक पाळीवरील ॲनिमेशनपट दाखवला जाणार होता. मुलांना मैदानावर पिटाळण्यात आले, खिडक्या लावून घेण्यात आल्या आणि पडद्यावर हसऱ्या चेहऱ्याचे एक गुलाबी गर्भाशय अवतरले. सात-आठ मिनिटांत सगळे आटोपले. नंतर प्रत्येकीला एकेक पाकीट मिळाले. मुख्याध्यापिकाबाई अनुभवी होत्या. मुली तोंडाने विचारणार नाहीत हे जाणून त्यांनी प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून घेतले आणि त्या चिठ्ठ्या आमच्या हाती दिल्या. त्यांतल्या एकीवर पेन्सिलीने लिहिले होते: “पिक्चरमध्ये ते निळं होतं. माझं तपकिरी असतं. मला काही आजार झालाय का?”

आम्ही त्या वेळी “नाही, हे नेहमीचंच आहे” एवढेच सांगून पुढची चिठ्ठी उघडली. हे उत्तर चूक नव्हते, पण उत्तरही नव्हते. घरी परतताना ते सारखे टोचत राहिले. त्या मुलीने चित्रपट लक्षपूर्वक पाहिला होता, स्वतःच्या शरीराचेही निरीक्षण केले होते आणि दोन्हींत विसंगती आढळल्यावर प्रश्न विचारला होता. विज्ञान याहून वेगळे काय असते? पण विसंगती दिसताच तिने दोष चित्रपटाला न देता स्वतःच्या शरीराला दिला. असे का व्हावे, हा या लेखाचा विषय आहे.

मूळपुरुष

त्या दिवशीच्या चित्रपटाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तसे चित्रपट आज पुष्कळ आहेत. एखाद्या उद्योगाने पैसे द्यायचे, ॲनिमेशनवाल्यांनी अवघड विषय पाच-दहा मिनिटांत सोपा करून द्यायचा, असा हा आता स्वतंत्र धंदाच झाला आहे. बँका, औषध कंपन्या, विमा कंपन्या सगळ्यांनाच असे समजावणीचे चित्रपट लागतात आणि त्यांतले काही शाळेपर्यंत पोहोचतात. या घराण्याच्या एका मूळपुरुषाची तपासणी केली तर आजचे वंशज ओळखणे सोपे जाईल, म्हणून आम्ही १९४६ सालचा एक चित्रपट निवडला आहे: ‘द स्टोरी ऑफ मेन्स्ट्रुएशन’, म्हणजे ‘मासिक पाळीची गोष्ट’.

तो बनवला वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिस्नेचे चित्रकार केवळ मिकी माउस काढत नव्हते. विमानाच्या पत्र्यात रिबिट कसे बसवावेत यावर लॉकहीड कंपनीसाठी आणि मलेरियाच्या डासावर सरकारसाठी त्यांनी बोधपट केले होते. समजावून सांगण्याची ही कला युद्धानंतर उद्योगांच्या कामी आली. पाळीवरील चित्रपटामागे ‘कोटेक्स’ या सॅनिटरी पॅडची कंपनी होती. या पॅडचा इतिहासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून एक शोषक पदार्थ बनवला गेला. लष्करी रुग्णालयांतील परिचारिकांनी तो पाळीसाठीही वापरला. १९२० मध्ये तोच पदार्थ ‘कोटेक्स’ या नावाने बाजारात आला.

चित्रपट सुमारे दहा मिनिटांचा आहे. मेसन होन या स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला त्यासाठी घेतला होता. अमेरिकेतील शाळांतून तो अनेक वर्षे मुलींना दाखवला गेला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्यायोग्य चित्रपटांच्या यादीत, त्याची निवड झाली.

जे चांगले आहे

टीका करण्यापूर्वी श्रेय द्यायला हवे. ॲनिमेशन कोठे वापरावे याचा हा चित्रपट उत्तम धडा आहे. जे कॅमेऱ्याला दिसत नाही किंवा जे फार सावकाश घडते, ते दाखवण्यासाठी हलत्या चित्रासारखे साधन नाही. पियूषिका ग्रंथीतून निघालेला संदेश अंडाशयापर्यंत जातो, एक स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडते, गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि बीज फलित झाले नाही तर ते अस्तर गळून पडते. सुमारे महिनाभर चालणारी ही क्रिया येथे काही सेकंदांत दिसते. पाठ्यपुस्तकातील स्थिर आकृती हे करू शकत नाही. फळ्यावर चार आकृत्या काढूनही जे साधत नाही, ते येथे सहज साधले आहे.

दुसरे श्रेय धाडसाचे. योनिमार्ग हा शब्द त्या काळी पडद्यावर उच्चारणे सोपे नव्हते. तो येथे सरळ उच्चारला आहे. पाळीत अंघोळ करू नये, हालचाल करू नये या समजुती चित्रपटाने खोडून काढल्या. आपल्याकडे ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसवलेल्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. चालू चित्रपटात कोठेही ‘आमचा माल घ्या’ असे म्हटलेले नाही. नाव येते ते सुरुवातीच्या सौजन्याच्या पाटीवर. विक्रीचे काम सोबत वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकेकडे सोपवले होते.

मग तक्रार कशाची?

रंगाची गोष्ट

तक्रार अशी की या चित्रपटातील पाळीचा स्राव पांढरा आहे. हिमासारखा पांढरा!

कोणी म्हणेल, आकृतीतला रंग हा संकेत असतो. रसायनशास्त्राच्या प्रतिकृतींत ऑक्सिजनचा अणू लाल आणि कार्बनचा काळा दाखवतात. अणूला रंग नसतो हे आपण जाणतो आणि चालवून घेतो. मग येथेच का अडावे? उत्तर सोपे आहे. ऑक्सिजनचा अणू विद्यार्थ्याला कधी डोळ्यांनी दिसणार नाही, त्यामुळे लाल रंगाने त्याची फसगत होत नाही. पाळीचा स्राव मात्र त्या मुलीला दिसणारच आहे. किंबहुना या साऱ्या क्रियेत तिला स्वतःला प्रत्यक्ष दिसणारी तेवढी एकच गोष्ट आहे. पियूषिका ती कधी पाहणार नाही, अंडाशयही पाहणार नाही. जेथे पडताळा घेणे शक्य आहे, नेमके तेथेच चित्र खोटे आहे.

यावरून शिक्षकांना एक कसोटी मिळते. सुलभीकरण करताना काही गाळावे लागतेच. परंतु जे विद्यार्थी स्वतः तपासून पाहू शकतो, त्याच्याशी सुलभीकरणाने भांडण करू नये. येथे जे झाले ते सुलभीकरण नव्हे, ते सोवळेकरण आहे. लाल दाखवल्याने समजायला काहीही अवघड झाले नसते. फक्त पाहणाऱ्यांना अवघडल्यासारखे झाले असते.

पुढे जाहिरातींत पांढऱ्याची जागा निळ्या पाण्याने घेतली. नॅपकिनवर निळे पाणी ओतण्याचा प्रघात इतका रुळला की २०१७ मध्ये ब्रिटनमधील एका कंपनीने जाहिरातीत लाल द्रव दाखवला तेव्हा त्याची बातमी झाली. रक्त लाल असते याची बातमी!

रंगाबरोबर काय गेले?

आमच्या मते या सोवळेकरणाने शिष्टाचारापेक्षा मोठे नुकसान केले. रंगात माहिती होती, ती गेली. रक्त लाल असते ते हिमोग्लोबिनमुळे आणि हिमोग्लोबिनमध्ये लोह असते. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते असे धरले, तर दर महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. आकडा किरकोळ वाटेल. पण आपल्या पोळी-भाजी-वरणातील लोहाचा थोडाच भाग आतड्यातून शोषला जातो आणि जेवणाबरोबरचा चहा तोही कमी करतो. वाढीच्या वयात ही भरपाई अवघड होते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, तर त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत: अपुरा आहार, जंत, आजारपणे. परंतु मुलगे आणि मुली यांच्यातील या फरकाचे एक महत्त्वाचे कारण पाळी हे आहे.

शाळेत आठवड्याला दिली जाणारी लोहाची निळी गोळी आपल्या परिचयाची आहे. ती मळमळते म्हणून अनेक मुली हळूच खिडकीबाहेर टाकतात, हेही परिचयाचे आहे. आपल्या पाळीचा आणि या गोळीचा काही संबंध आहे हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. पांढऱ्या स्रावात लोह दिसत नाही, निळ्या पाण्यातही दिसत नाही. लाल रंग पाहिला असता तर “यात काय असतं?” हा पुढचा प्रश्न आपसूक आला असता.

चित्रपटाने मुद्दाम लोह लपवले असे आम्ही म्हणत नाही. कंपनी पॅड विकते. शोषणे, झाकणे, डाग न पडणे हे तिच्या मालाचे गुण आहेत. त्यामुळे पाळी ही तिला मुख्यतः स्वच्छतेची समस्या दिसते, पोषणाची दिसत नाही. पैसे देणारा खोटे बोलायला लावतो असे नाही, प्रश्न कोठे थांबावेत हे तो ठरवतो.

न विचारलेले प्रश्न

असे थांबे आणखीही आहेत. स्त्रीबीज फलित झाले तर बाळ होते, असे चित्रपट सांगतो. ते कसे फलित होते याविषयी अवाक्षर नाही. वडील या गोष्टीत कोठेच नाहीत. पाळण्यातल्या बाळापासून निघून मातेच्या मांडीवरील बाळापाशी गोष्ट संपते, म्हणजे मुलीच्या आयुष्याची दिशाही ठरवून टाकलेली आहे. वेदना होत असतील तर? रडणाऱ्या मुलीला आरशापुढे उभे करून हसतमुख राहण्याचा सल्ला दिला आहे. फार दुखले किंवा फार रक्त गेले तर डॉक्टरांकडे जावे, हे मुलीला कळणे हसण्यापेक्षा अधिक गरजेचे होते.

आजच्या वंशजांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे: वापरलेल्या नॅपकिनचे पुढे काय होते? १९४६ च्या चित्रकारांना यासाठी दोष देता येणार नाही, कारण तेव्हा पॅडमध्ये प्लॅस्टिक नव्हते. आता असते. तेराव्या वर्षापासून अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत ३५ वर्षे, वर्षाला १२ पाळ्या, गरोदरपणाचा काळ वजा जाता सुमारे ४००. दर पाळीला १२ नॅपकिन धरले तर एका स्त्रीमागे ४,८०० नॅपकिन होतात. हे गणित कंपनीलाही ठाऊक असते, म्हणून तर ती पहिल्या पाळीच्या वयातच शाळेत येते. पण याच गणिताची दुसरी बाजू कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात येते. २०१३ मध्ये पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेले नॅपकिन उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवण्याची मोहीम काढली, ती याच कारणाने. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन पुरवावे अशी तरतूद झाली. समजावणीच्या चित्रपटात मात्र गोष्ट नॅपकिन बदलण्यापाशी संपते.

वर्गात काय करावे?

असे चित्रपट दाखवूच नयेत का? आम्हांला तसे वाटत नाही. काहीच न सांगण्यापेक्षा अपुरे सांगणे बरे, आणि दहा मिनिटांचे ते हलते चित्र आपण फळ्यावर काढू शकत नाही. फक्त चित्रपट म्हणजे तास नव्हे, तो तासाचा एक तुकडा आहे. तो मध्येच थांबवावा. “हे कोणी बनवले? त्यांना काय विकायचे आहे? त्यांनी कोणता प्रश्न विचारलेला नाही?” असे तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत.

एक छोटा प्रयोगही करावा. पाच मिलिलिटरच्या चमच्याने आठ चमचे पाण्यात लाल रंग कालवावा. एका पाळीत जाणारे रक्त साधारण एवढेच. शरीरात चार-पाच लिटर रक्त असते, म्हणजे हे शंभरातील एक भागसुद्धा नाही. मग त्यातला एकच चमचा पांढऱ्या कापडावर ओतावा. डाग केवढा पसरतो ते पाहून, ‘सगळं रक्त चाललंय’ असे पहिल्यांदा का वाटते हे मुलींना आपोआप उमगते. आणि हा प्रयोग मुलांनाही दाखवावा. त्यांना मैदानावर पाठवून आपण एकच गोष्ट शिकवतो: हे चोरून हसण्यासारखे काहीतरी आहे.

राहता राहिली ती चिठ्ठी. तिचे उत्तर आम्ही नंतर मुख्याध्यापिकाबाईंना पत्राने कळवले आणि वर्गात वाचून दाखवण्याची विनंती केली. ते असे: तुझे निरीक्षण बरोबर आहे. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी स्राव सावकाश बाहेर येतो. तेवढ्या वेळात हिमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि लाल रंग तपकिरी होतो. रुमालावरचा रक्ताचा डाग दुसऱ्या दिवशी तपकिरी दिसतो, त्याचेही कारण हेच. तुला आजार नाही. चूक चित्रात होती.