पास : एक रसग्रहण

मराठी समीक्षकांच्या तावडीतून छापील असे फारसे काही सुटलेले नाही. कादंबऱ्या झाल्या, नाटके झाली, नाटकांच्या जाहिरातींवरही कोणीतरी प्रबंध लिहिला असेल. मात्र रेल्वेचा पास हा वाङ्मयप्रकार अजून उपेक्षित आहे. गेले तीन महिने मी दुसरे काहीच वाचलेले नसल्यामुळे ही उणीव भरून काढण्याचा अधिकार मला पोहोचतो, असे मी समजतो.

निमित्त असे की, येत्या डिसेंबरात आम्ही उभयतां स्वित्झर्लंडला जाणार आहोत. एक मुदत ठेव पिकली आहे आणि चार गुडघ्यांपैकी तीन अजून चालतात. आपले लोक तिकडे मे महिन्यात जातात, सोबत आचारी असतो, डोंगरावरसुद्धा वरणभात मिळतो. पण आमच्या हिला बर्फ पडताना बघायचा आहे. पडलेला बर्फ तिने रोहतांगला पाहिला आहे. त्याबद्दलचे तिचे मत आमच्या रस्त्यावर पावसाळ्यापूर्वी टाकतात त्या खडीबद्दल आहे तेच आहे. तेव्हा हिवाळा ठरला, आगगाडी ठरली, आणि पास कोणता काढायचा या प्रश्नाशी आमचे घोडे अडले.

डोंबिवलीच्या माणसाला पास म्हणजे काय हे सांगायला नको. चौतीस वर्षे मी तिमाही पास काढला. त्या पासात काव्य नव्हते. 'तुला रोज तिथेच जायचे आहे आणि रोज इथेच परत यायचे आहे' एवढेच तो सांगायचा, आणि शब्दाला जागायचा. युरोपातला पास बरोबर उलटे बोलतो. वाटेल तेव्हा, वाटेल तिथे, वाटेल तितके हिंडा! या घराण्यातला थोरला म्हणजे युरेल पास. तो १९५९ साली युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी निघाला. धाकटा इंटररेल १९७२ सालचा, आणि तो सुरुवातीला फक्त एकवीस वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी होता. रात्री गाडीतच झोपायचे, हॉटेलचे पैसे वाचवायचे, सकाळी डोळे चोळत नव्या देशात उतरायचे, असा तो सारा तारुण्याचा मामला. आता त्यात कोणालाही प्रवेश आहे, साठीच्या पुढच्यांना युरेल थोडी सूटही देते. पण मूळ पिंड विशीतला आहे, तो लपत नाही.

आम्हाला एकच देश बघायचा असल्यामुळे प्रश्न स्विस पासापुरता उरला. हा तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा मिळतो. आगगाड्या, बसगाड्या, सरोवरातल्या बोटी, गावोगावच्या ट्राम, आणि वर पाचशेच्यावर संग्रहालये, सगळे त्यात आले. माहितीपत्रक तर निव्वळ खंडकाव्य आहे. त्यातली माणसे सतत हसत खिडकीबाहेर बोट दाखवत असतात. कोणाचेही मफलर नाकावर आलेले नसते.

पण कलाकृतीचा वाचकावर काय परिणाम होतो, हेही समीक्षकाने पाहायला हवे. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त हिशेबनीस आठ दिवसांचा पास घेऊन जाऊन आले. मी विचारले, "ल्युसर्न कसे आहे हो?" ते म्हणाले, "चांगले असावे. आमची पुढची गाडी सात मिनिटांत होती." आठ दिवस हा गृहस्थ सकाळी पहिल्या गाडीत चढला तो रात्री शेवटच्या गाडीतून उतरला. बायको हॉटेलात थांबते म्हणाली, तर तिला 'तुझ्या बसण्याचे रोजचे इतके फ्रँक होतात' असे गणित करून दाखवले. परत आल्यावर मात्र चेहऱ्यावर समाधान असे, की काशी केल्यावरही दिसू नये. "पास पुरेपूर वसूल झाला," म्हणाले.

वसूल! पासाच्या वाङ्मयातला हा स्थायीभाव. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. पास स्वातंत्र्य विकतो म्हणे, पण ते हातात पडले की माणूस त्याचा गडी होतो. आणि आपला मध्यमवर्गीय माणूस तर लग्नाच्या जेवणातसुद्धा आहेराचा हिशेब मनात ठेवून जिलबी घेणारा. त्याच्या हातात पास देणे म्हणजे मधुमेह्याच्या हातात बर्फीचा डबा देण्यासारखे आहे.

हिवाळ्यात या दोषाला धार चढते. पास विकला जातो दिवसाच्या मापाने, आणि दिवस म्हणजे पंचांगातला दिवस, उजेडाचा नव्हे. जूनमध्ये त्या देशात जवळजवळ सोळा तास उजेड असतो. डिसेंबराच्या शेवटी सूर्य आठनंतर उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो, म्हणजे झाले साडेआठ तास. खोल दरीतल्या गावात तर तेवढाही मिळत नाही, डोंगर मध्ये येतो. संध्याकाळी पाचनंतर आगगाडीच्या खिडकीत आल्प्स दिसत नाही, आपलेच तोंड दिसते. ते बघायला इतके फ्रँक मोजायची गरज नाही, घरी आरसा आहे. शिवाय हिवाळ्यात बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि फुर्का, ग्रिम्झेल, सुस्टेन हे उंच घाट बर्फाखाली जातात, म्हणजे तिथल्या बसगाड्याही गेल्या. अर्धा मजकूर गाळलेली आवृत्ती पूर्ण किमतीला घ्यायची असा हा प्रकार.

न्यायाने बोलायचे तर पासाच्या बाजूने एक मुद्दा आहे. शहरात राहणाऱ्याला, हवा बिघडली की, ती पाचशे संग्रहालये म्हणजे पाचशे उबदार खोल्या. चित्रे आवडली नाहीत तरी हीटर आवडतोच. आणि रोज नव्या गावी मुक्काम हलवणाऱ्याने पासच काढावा. सलग दिवस नको असतील तर महिन्याभरात सवडीने वापरायचा फ्लेक्स पास आहे. तो थोडा महाग पडतो, पण मधल्या दिवशी स्वस्थ बसलेल्या माणसाला टोचून बोलत नाही.

आता दुसरी कृती पाहू. हिचे नाव हाफ फेअर कार्ड. हिच्यात काव्य शून्य. एकदा पैसे भरा, महिनाभर सगळे अर्ध्या भाड्यात. अर्धे तिकीट म्हटले की आपल्याला खाकी चड्डीतला आठ वर्षांचा मुलगा आठवतो, ज्याला कंडक्टरसमोर सहा वर्षांचा व्हायला सांगितलेले असे. साठीनंतर राजरोस अर्धे तिकीट मिळावे, यातच ही कृती जिंकते. दोन्हींतले गणित सोपे आहे. पासाच्या किमतीतून कार्डाची किंमत वजा करा आणि उरेल त्याची दुप्पट करा. तुमच्या ठरवलेल्या सगळ्या प्रवासाचे पूर्ण भाडे त्याहून जास्त भरले तर पास, नाहीतर कार्ड. हे गणित आता सगळीकडेच करावे लागते. जपानने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपला सात दिवसांचा पास २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० वर नेला. तोवर तिथे टोकियोहून क्योतोला जाऊन आले की पास जवळजवळ फिटायचा.

कार्डाची खरी गंमत युंगफ्राउयोखला कळते. ३,४५४ मीटर उंचीवरच्या या स्टेशनाला १९१२ साली आगगाडी पोचली. 'सगळे फुकट' म्हणणारा पास वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंत नेतो आणि पुढच्या महागड्या चढणीवर पंचवीस टक्के सूट देऊन हात वर करतो. गरीब बिचारे कार्ड तिथेही पन्नास टक्के देते! श्रीमंत काका लग्नात पाकीट देतो आणि मामा मांडव घालतो, त्यातलीच ही तऱ्हा.

ग्लेशियर एक्स्प्रेसबद्दल चार शब्द लिहिणे भाग आहे, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. झेरमाटहून सेंट मॉरिट्झला ही गाडी सुमारे आठ तास घेते आणि संथपणाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेते. (आपल्याकडे कित्येक पॅसेंजर गाड्या हे काम कसलीही जाहिरात न करता करत आल्या.) पूर्वी फुर्का घाटावरचा मार्ग हिवाळ्यात बंद असे. १९८२ साली घाटाखालून पंधरा किलोमीटरांचा बोगदा झाला आणि हिवाळ्यातही गाडी धावू लागली. पण ज्या ऱ्होन हिमनदीवरून गाडीला हे नाव पडले, ती त्या दिवसापासून गाडीतून दिसेनाशी झाली. शीर्षक राहिले, नायिका गेली. पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे, आणि ऑक्टोबराच्या मध्यापासून डिसेंबरापर्यंत गाडी सुट्टीवर. त्याच रुळांवरून साध्या गाड्या धावतात, वाटेत बदलाव्या लागतात, आरक्षण लागत नाही. बर्निना घाटातही तेच. २,२५३ मीटरांवरून खाली इटलीतल्या तिरानोपर्यंत साधी गाडी जाते आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या चक्क उघडतात.

या सगळ्या वाचनात मला निर्दोष वाटलेली कृती एकच, वेळापत्रक. ब्रॅडशॉने १८३९ साली हा प्रकार सुरू केला. थॉमस कुक कंपनीने १८७३ पासून सगळ्या युरोपचे वेळापत्रक काढले, २०१३ साली थांबवले, तर तिथल्याच जुन्या माणसांनी २०१४ पासून ते पुन्हा उभे केले. विशेषणाशिवाय मराठीत एक परिच्छेद लिहून दाखवा, म्हणजे या लेखकांची थोरवी कळेल. स्विस वेळापत्रकाला तर १९८२ पासून तालाची शिस्त आहे, गाड्या दर तासाला त्याच मिनिटाला सुटतात. बर्न आणि झुरिकला तासाच्या ठोक्याआधी गाड्या चहूकडून येतात आणि ठोक्यानंतर पांगतात. बदलायला पाच-सात मिनिटे पुरतात म्हणे. कल्याणला गाडी बदलायला तासभर हाताशी ठेवणाऱ्या मनाला हे पटायला वेळ लागतो. एवढेच लक्षात ठेवायचे, की नवे वेळापत्रक दर डिसेंबराच्या मध्यावर लागू होते, आणि आमचा प्रवास नेमका त्या सांध्यावर येतो. म्हणून मी दोन्ही आवृत्त्या ताडून पाहतो आहे. ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकांनाही पाठभेदांचा एवढा त्रास झाला नसेल.

"अहो, पण तिथे बसायचे कधी?" हिने विचारले. मग कार्डच ठरले. सहा दिवस वेंगेनला राहायचे. गावात मोटारी नाहीत, उंची १,२७४ मीटर, म्हणजे खाली पाऊस पडत असला तर वर बर्फ असण्याची आशा. एक दिवस युंगफ्राउयोख, एक दिवस हवा बघून, आणि बाकी खिडकीशी. बर्फ पडलाच नाही तर काय, याला नियम व अटींत कलम नाही, मी दोनदा पाहिले.

कार्ड दोन्ही वर्गांना चालते, त्यामुळे फर्स्ट क्लासचा प्रश्न तेवढा शिल्लक आहे. त्यावर घरात दोन मते आहेत, आणि तिकिटे मी काढणार आहे.