ही माणसे गाव सोडून का जात नाहीत?

शिकागोच्या परिसरात राहून मुलांना एकदाही विस्कॉन्सिन डेल्सला नेले नाही, असे मराठी कुटुंब सापडणे कठीण. आय-९० वरून रॉकफर्ड मागे टाकून राज्याची हद्द ओलांडली की थोड्याच वेळात जेन्सव्हिलच्या पाट्या दिसू लागतात. तिथे आपण थांबतो ते गॅस भरायला आणि मागच्या सीटवरची भांडणे मिटवायला. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या पत्रकार एमी गोल्डस्टीन मात्र ह्या गावात पुन्हा पुन्हा जाऊन राहिल्या, आणि त्यातून 'जेन्सव्हिल : ॲन अमेरिकन स्टोरी' हे पुस्तक २०१७ साली बाहेर आले. उद्योगविषयक उत्तम पुस्तकाला फायनान्शियल टाइम्स आणि मॅकिन्झी मिळून तेव्हा जो पुरस्कार देत असत, तो त्या वर्षी ह्याच पुस्तकाला मिळाला. पुरस्कार मिळालेली पुस्तके आपल्या घरी बहुधा कॉफी टेबलाची शोभा वाढवतात. हे पुस्तक वाचावे असे आहे, आणि वाचून त्याच्याशी भांडावे असेही आहे.

कथानक थोडक्यात असे. रॉक नदीकाठचे सुमारे ६३ हजार वस्तीचे गाव. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये इथे ट्रॅक्टर बांधायला सुरुवात केली आणि १९२३ पासून शेव्हरोले गाड्या. १९३२ च्या मंदीत कारखाना बंद पडला, १९३३ मध्ये पुन्हा उघडला. महायुद्धात तिथे तोफगोळे तयार झाले, युद्ध संपल्यावर पुन्हा मोटारी. इतक्या वेळा पडून उठलेला कारखाना कायमचा बंद होईल ह्यावर गावाचा विश्वास बसत नाही, आणि हा अविश्वास पुस्तकातल्या बऱ्याच दुःखाचे मूळ आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये निवडणुकीच्या प्रचारात बराक ओबामा ह्याच कारखान्यात येऊन बोलले : सरकारने पाठबळ दिले तर हा कारखाना आणखी शंभर वर्षे चालेल. त्यातला 'तर' गावाने ऐकला नाही. जूनमध्ये कंपनीने कारखाना बंद करण्याची घोषणा केली, आणि २३ डिसेंबर २००८ रोजी, नाताळला दोन दिवस असताना, शेवटची शेव्हरोले टाहो असेंब्ली लाइनवरून खाली उतरली.

ह्या विषयावर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली कलाकृती म्हणजे मायकेल मूरचा 'रॉजर अँड मी' (१९८९). फ्लिंट, मिशिगन, जनरल मोटर्सचे अध्यक्ष रॉजर स्मिथ, आणि त्यांना गाठण्यासाठी कॅमेरा घेऊन धावणारा टोपीवाला मूर. चित्रपट हसवतो, चिडवतो. पण त्यात घटनांचा क्रम सोयीप्रमाणे मागेपुढे केला आहे, हा आक्षेप त्याच वेळी समीक्षकांनी घेतला होता, आणि तो रास्त होता. मूरला एक खलनायक हवा होता आणि तो त्याला मिळाला. गोल्डस्टीनबाईंना खलनायक नको आहे. २००८ ते २०१३ अशी सहा वर्षे, वर्षामागून वर्ष, त्या काही कुटुंबांच्या स्वयंपाकघरात बसून राहतात. जयंत पवारांचे 'अधांतर' ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल : गिरणी रंगमंचावर कुठेच नाही, पण चाळीतल्या त्या एका खोलीतले प्रत्येक भांडण तिच्यामुळेच होते. जेन्सव्हिलमध्ये हायस्कुलात शिकणाऱ्या जुळ्या बहिणी शाळा सुटल्यावर मिळतील ती कामे करतात आणि आईवडिलांच्या किराण्याला आपल्या कमाईतून हातभार लावतात. बाप मुलींकडून पैसे घेतो, तो प्रसंग लेखिकेने आवाज न चढवता लिहिला आहे.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे वळतो. हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. मंडळाच्या पॉटलकला मिडवेस्टमधल्या बंद कारखान्यांचा विषय निघाला की कोणीतरी तो विचारतोच : "अहो, काम नाही तर ही माणसे दुसरीकडे का जात नाहीत? आपण नाही आलो दहा हजार मैल?" ह्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात विस्ताराने आहे, आणि माझ्या मते तो त्याचा सर्वांत भरीव भाग आहे.

ही माणसे जातात. जेन्सव्हिलचे कित्येक कामगार इंडियानातल्या फोर्ट वेन इथे जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या कारखान्यात रुजू झाले. अंतर मोटारीने साडेचार तासांचे. सोमवारी जायचे, तिथे तिघाचौघांनी मिळून अपार्टमेंट घ्यायचे, शुक्रवारी रात्री परत. कंपनी तीच असल्यामुळे ताशी २८ डॉलरची मजुरी टिकते, आणि पेन्शनला लागणाऱ्या नोकरीच्या वर्षांत खंड पडत नाही. बिऱ्हाड हलवत नाहीत, कारण घर विकले जात नाही. गावातला मोठा कारखाना बंद पडल्यावर तिथले घर विकत घेणार कोण? मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आजीआजोबा दोन गल्ल्या पलीकडे आहेत. आणि फोर्ट वेनचा कारखाना तरी टिकेल ह्याची हमी कोणी दिली आहे? एकदा पोळलेला माणूस सगळे बिऱ्हाड दुसऱ्या चुलीवर ठेवत नाही.

आपण हललो ह्याचे आपल्याला कौतुक असते. पण आपण हललो तेव्हा विशीत होतो, हाती डिग्री होती, आणि विकायला घर नव्हते. मागे सांगली-साताऱ्याला आईवडील राहिले. आपल्या हलण्याची किंमत बरीचशी त्यांनी भरली. पंचेचाळीस वर्षांच्या, पंधरा वर्षांचे मॉर्गेज शिल्लक असलेल्या माणसाला "हल" म्हणताना हा हिशेब आपण मांडत नाही.

पुस्तकातला दुसरा मुद्दा आपल्या घरांना जास्त झोंबणारा आहे. नोकऱ्या गेल्या तेव्हा सरकार, कंपनी, युनियन आणि दोन्ही राजकीय पक्ष ह्यांचे एका गोष्टीवर एकमत होते : नवे शिक्षण घ्या. ब्लॅकहॉक टेक्निकल कॉलेजात शेकडो कामगारांनी नावे घातली. पुष्कळांना कॉम्प्युटर कसा सुरू करायचा हेही ठाऊक नव्हते. निबंध हाताने लिहून चालणार नाही हे कळल्यावर काहीजण पहिल्याच आठवड्यांत परत गेले. कॉलेजने त्यांच्यासाठी खास वर्ग काढले, शिक्षकांनी जीव तोडून शिकवले. ही प्रकरणे वाचताना माणूस हेलावतो. मग पुस्तकाच्या शेवटी, परिशिष्टात, आकडे येतात. कामावरून कमी झालेल्यांपैकी जे कॉलेजात गेले, त्यांना नंतर स्थिर काम मिळण्याचे प्रमाण न गेलेल्यांपेक्षा कमी होते, आणि त्यांची कमाईही कमी होती.

हे वाक्य मी तीनदा वाचले. आपल्या घरांत देवघर असेल नसेल, पण शिक्षणावरची श्रद्धा असतेच. चाळीतून किंवा गावातून इथवर आपल्याला आणले ते शिक्षणाने, आणि त्यामुळे जगातल्या सर्व दुखण्यांवर आपण तेच औषध सुचवतो. जेन्सव्हिलमध्ये ते का लागू पडले नाही? मला पुस्तकातून दिसते ते असे. जे कॉलेजात गेले नाहीत, त्यांनी मंदीतसुद्धा हाती आले ते काम धरले आणि दोन वर्षांत त्यात पाय रोवले. जे गेले, ते दोन वर्षांनी नव्या धंद्यात नवशिके म्हणून बाहेर पडले, आणि बाहेर कामे होतीच कुठे? शिक्षणाने माणूस तयार होतो. नोकरी तयार होत नाही. आपण शिकून इथे आलो तेव्हा इथे जागा रिकाम्या होत्या, कोणाला तरी आपली गरज होती. हा भाग आपल्या यशोगाथांत आपण सहसा सांगत नाही. स्नेहसंमेलनातल्या भाषणांतून तर नाहीच.

लेखिकेवर माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. पुस्तकातला सर्वांत मोलाचा शोध त्यांनी परिशिष्टात नेऊन ठेवला. कथेच्या ओघात तो येतो, पण हळू आवाजात. प्रशिक्षणाचा मार्ग फसला असेल तर मग करायला काय हवे होते, ह्या प्रश्नाला त्या भिडत नाहीत. वार्ताहराची सचोटी म्हणून मी ती समजू शकतो, पण साडेतीनशे पाने बरोबर चाललेल्या वाचकाला लेखिकेचे स्वतःचे मत ऐकण्याचा हक्क आहे. तीच गत कंपनीची. २००९ मध्ये छोट्या मोटारीचे काम कुठल्या कारखान्याला द्यायचे ह्याची चढाओढ लागली, विस्कॉन्सिनने १९.५ कोटी डॉलरच्या सवलती देऊ केल्या, मिशिगनने त्याहून कितीतरी मोठी बोली लावली आणि काम तिकडच्या ओरायन टाउनशिपला गेले. करदात्यांच्या पैशाने राज्याराज्यांत लिलाव मांडणाऱ्या ह्या रीतीवर एक सणसणीत प्रकरण व्हायला हवे होते. मूर इथे उपयोगी पडला असता.

जेन्सव्हिलचे आपल्याशी एक जुने नाते आहे, ते जाता जाता सांगतो. पार्कर पेन ह्याच गावचे. मुंजीत किंवा मॅट्रिक पास झाल्यावर मामाने दिलेले, वडिलांच्या खिशाला लावलेले, परीक्षेखेरीज हात लावायची बंदी असलेले ते पार्कर! गावातल्या एका हायस्कूलला ह्याच पार्करसाहेबांचे नाव आहे, आणि त्या शाळेत एका शिक्षिकेने गरजू मुलांसाठी टूथपेस्ट, साबण, कपडे, डबाबंद अन्न ठेवलेली खोली चालवली. 'पार्कर क्लॉझेट' हे तिचे नाव. पेनांचा मोठा कारभार गावातून आधीच गेला होता. उरलेले काम मेक्सिकोला हलवण्याची घोषणा २००९ मध्ये झाली. ह्या दुसऱ्या धक्क्याला पुस्तकात आणखी जागा मिळायला हवी होती.

पुस्तक संपल्यावर 'अमेरिकन फॅक्टरी' (२०१९) हा माहितीपट जरूर पाहावा. ओहायोत डेटनजवळच्या मोरेन गावचा जनरल मोटर्सचा कारखाना जेन्सव्हिलच्याच दिवशी, २३ डिसेंबर २००८ रोजी, बंद पडला. तिथे पुढे फुयाओ ही मोटारीच्या काचा करणारी चिनी कंपनी आली. म्हणजे जेन्सव्हिल ज्याची वाट पाहत राहिले, ते मोरेनला मिळाले. चित्रपटातली एक कामगार बाई सांगते की पूर्वी तिला ताशी २९ डॉलरहून जास्त मिळत, आता १२ डॉलर ८४ सेंट. २०१७ मध्ये युनियनसाठी मतदान झाले, त्यात ८६८ विरुद्ध ४४४ मतांनी युनियन हरली. परक्या देशातून आलेले इंजिनियर आणि सुपरवायझर इथल्या कामगारांविषयी आपसांत काय बोलतात, तेही ह्या चित्रपटात ऐकू येते. आपल्यातल्या पुष्कळांना ते बोलणे परके वाटणार नाही. हा चित्रपट लोकांसमोर आणण्यात ओबामा दांपत्याच्या कंपनीचा हात होता. जेन्सव्हिलचे भाषण आठवत असेल तर ही गंमत ध्यानात येईल.

जेन्सव्हिलचा कारखाना कागदोपत्री 'राखीव' म्हणून २०१५ पर्यंत तसाच होता. मग तो कायमचा बंद झाला आणि पुढे पाडला गेला. गावात डॉलर जनरलचे मोठे गोदाम आले, बेकारीचा आकडा खाली आला. ताशी २८ डॉलरची ती जुनी कामे परत आली नाहीत.

पुस्तक मोठ्या लायब्ररींत सहज मिळेल. प्रकरणे छोटी आहेत, भाषा सोपी आहे. हायस्कुलातल्या मुलांनाही वाचायला देता येईल. परिशिष्टे मात्र वगळू नका, आणि जमल्यास आधी तीच वाचा.